पडद्यांची कच्ची दुमड

झालर म्हणाली, "आपण मोठं शहर बघून येऊ," तेव्हाच मी ओळखलं की हिला शहर सोडून भलतंच काहीतरी बघायचंय.

झालर म्हणजे माझी मैत्रीण. आम्ही दोघी एकाच पडद्यांच्या दुकानात काम करतो. मी लोकांच्या घरी जाऊन खिडक्यांची मापं घेते, ती मागच्या खोलीत मशीनवर बसून पडदे शिवते. तिचं खरं नाव वेगळं आहे, पण ते फक्त बँकेला ठाऊक. दिसेल त्याला झालर लावायची तिला खोड. पडद्याला, उशीला आणि सगळ्यात जास्त बातमीला. तिचा मुलगा मोठ्या शहरात नोकरीला लागला, तेव्हा पहिल्या दिवशी तो "एका ऑफिसात" होता. दुपारच्या चहापर्यंत त्याच्या हाताखाली माणसं आली आणि दुकान बंद होईपर्यंत ते ऑफिस त्याच्यावाचून चालेनासं झालं.

या चिरंजीवांनी गेल्या वर्षी नवा फ्लॅट घेतला आणि झालरने त्याच्या हॉलसाठी पडदे शिवून पाठवले. कापड आमच्याच दुकानातलं, वरच्या फळीवर धूळ खात पडलेलं. छत्रीएवढी नारिंगी फुलं, आणि फुलांमधून जिथे जागा उरली तिथे जांभळे पक्षी. मालकांनी ते तिला देऊन टाकलं, आणि देताना जरा घाईच केली.

"अगं, हे घराला लावायचं की घर याला लावायचं?" मी विचारलं होतं.

"तुला मापातलं कळतं. रंगातलं मला विचार," असं म्हणून तिने वर दुहेरी झालर लावली.

आता आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. जाड पडदा टांगला की काही दिवस आपल्याच वजनाने खाली उतरत राहतो. म्हणून खालची दुमड आधी कच्ची घालायची, लांबलांब टाक्यांची, भडक दोऱ्याची. पडदा उतरायचा तेवढा उतरला की शिवणाऱ्याने त्या घरी जायचं, कच्चा दोरा ओढून काढायचा आणि तिथेच बसून पक्की दुमड घालायची. गिऱ्हाइकाला हे आधी सांगून ठेवतात. झालरने मुलाला एका अक्षराने सांगितलं नाही. पोपटी दोऱ्याची कच्ची दुमड घातली आणि पार्सल रवाना केलं.

"टांगल्या टांगल्या दिसेल की त्याला," ती म्हणाली. "मग फोन करेल. आई, हा दोरा कसला? मग मी म्हणेन, अरे, तेवढं काम राहिलंय, मला यावं लागेल. मग तो म्हणेल, ये."

"त्यापेक्षा सरळ विचार ना, येऊ का म्हणून."

"न बोलावता दारात उभी राहायला मी काय विजेचं मीटर बघायला जाणारी बाई आहे?"

तर ही अशी वाट बघणं चाललं होतं. मुलाचे फोन यायचे. तब्येतीचे, हवापाण्याचे, 'पडदे मिळाले, थँक्यू'चे. पोपटी दोऱ्याचा फोन काही येईना. दोष अर्थातच सुनेचा. सून आम्ही एकदाच पाहिलेली, लग्नात. उंच, चष्मा लावणारी, हसताना तोंडावर हात न ठेवणारी. तेवढ्यावरून झालरने तिची संपूर्ण कुंडली मांडली होती. "माझा लेक बोलवेल गं, पण ती बोलवू देईल तेव्हा ना. तो बिचारा काय करणार?" हे वाक्य मी वर्षभर इतक्यांदा ऐकलं की पुढे पुढे ती 'माझा लेक' म्हणाली की उरलेलं मीच पुरं करायचे.

म्हणून मग आम्ही शहर बघायला गेलो. लॉजवर उतरलो, आणि वरून उघड्या बसमध्ये बसून, डोक्याला रुमाल बांधून, गाइड सांगेल तिकडे माना वळवू लागलो. गाइडला सगळंच भव्य वाटत होतं. भव्य पूल, भव्य कारंजं, भव्य सांडपाणी केंद्र. झालर प्रत्येक भव्यतेपुढे उभी राहून फोटो काढून घ्यायची आणि घरच्यांच्या ग्रुपवर टाकायची. त्या ग्रुपवर मुलगा होता, आणि ग्रुप क्वचितच उघडणारी सूनही. कारंज्याला त्याचा अंगठा आला. पुलालाही अंगठा आला. 'आई, तू इथे कशी?' असं काही आलं नाही.

"कामात असेल," मी म्हणाले.

"अंगठा मोकळा आहे ना," ती म्हणाली. वर्षभरात पहिल्यांदाच तिच्या तोंडून त्याच्याबद्दल वाकडा शब्द ऐकला. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

राजवाड्यात तर तिने कमाल केली. बाकीचे लोक सिंहासन बघत होते, ही दोरीखालून वाकून पडद्याची दुमड उलटून बघत होती. पहारेकऱ्याने शिट्टी मारली.

"अहो, हात लावू नका!"

"मशीनची शिलाई आहे," झालर त्याला म्हणाली. "राजाच्या पडद्याला मशीनची शिलाई! लाज नाही वाटत?"

तो पहारेकरी असा ओशाळला की जणू त्यानेच ती घातली होती.

शेवटी तिनेच फोन केला. आलोच आहोत, तर कॉफी प्यायला भेट म्हणाली. पोरगा त्याच्या ऑफिसजवळच्या कॉफीच्या दुकानात आला. गोरामोरा झालेला, पण हसत. आईला मिठी मारली, मला "मावशी, बारीक झालात" म्हणाला. मी झाले नव्हते. झालरने लगेच त्याच्या गालाला गाल लावून फोटो काढला आणि तोही ग्रुपवर टाकला.

"घरी नेलं असतं गं आई, पण रंगकाम चालू आहे. वासाने तुला त्रास होईल. आणि ती पण कामासाठी परगावी गेलीये."

"असू दे, असू दे," झालर म्हणाली. कॉफीत साखर घातली, ढवळली, पुन्हा ढवळली. मग शक्य तितक्या सहज आवाजात, म्हणजे शेजारच्या दोन टेबलांना ऐकू जाईल अशा आवाजात, तिने विचारलं, "पडदे लावलेस ना रे?"

"लावले म्हणजे काय! येणारा-जाणारा विचारतो, कुठून आणले."

"खाली नीट टेकतात?"

"एकदम परफेक्ट. जसे आले तसे टांगले. काही म्हणजे काहीच करावं लागलं नाही."

मी कपाकडे बघितलं. झालरने कागदी रुमाल घेतला, त्याची कड दुमडली, नखाने दाबली, पुन्हा दुमडली. वीतभर पोपटी टाके लोंबत असलेला पडदा टांगून ज्याला काही दिसलं नाही, तो एकतर आंधळा, नाहीतर त्याने पडदा टांगलाच नाही. आणि पोराचे डोळे लहानपणापासून चांगले होते.

"छान," ती म्हणाली. एवढंच. तिच्या बोलण्याला झालर नाही असं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

पोराने काहीतरी बोलायचं म्हणून फोन काढला आणि त्याचा चेहरा उतरला. "आई, हा फोटो ग्रुपवर टाकलास?"

"का रे? दुकानाचं नाव दिसतंय का?"

तेवढ्यात दार ढकलून सून आत आली. गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र, धापा टाकत.

"आई! तुम्ही इथे? आणि मला ग्रुपवरून कळतंय! माझं ऑफिस पलीकडच्या गल्लीत आहे, धावत आले." मग नवऱ्याकडे वळली. "सांगितलं का नाहीस रे?"

"परगावहून लवकर आलीस," मी म्हणाले. मला राहवलं नाही.

"कुठल्या परगावहून?"

पोरगा बिल मागवायला उठला.

"घरी चला," सून म्हणाली. "लॉजवरून सामान घेऊ आणि जाऊ."

"पण रंगकाम..." झालर म्हणाली. मुलाची बाजू सांभाळायची तिची सवय इतकी जुनी, की त्याचं खोटंसुद्धा तीच पुढे चालवायला लागली.

"कसलं रंगकाम?"

लॉजच्या दारात बॅगा घेऊन उभ्या राहिलो तर चिरंजीव म्हणतात, "मांडीवर घ्या हं बॅगा. डिकी उघडत नाहीये, बिघडलीये."

"सकाळी तर तूच उघडलीस," म्हणत सुनेने बटण दाबलं.

डिकी आज्ञाधारकपणे उघडली. आत पार्सल होतं, एका कोपऱ्यातून फाटलेलं. त्यातून एक नारिंगी फूल डोकावत होतं, आणि त्यावर जॅक ठेवलेला. पोपटी दोरा जिथल्या तिथे.

"हे काय?" सूनबाईंनी विचारलं. खरंच विचारलं. ती पडदे पहिल्यांदा बघत होती, हे आंधळ्यालाही कळलं असतं. झालर आधी तिच्या तोंडाकडे बघत राहिली, मग मुलाच्या. वर्षभर मांडलेली कुंडली तिच्या डोळ्यांदेखत उलटी झाली होती.

मला वाटलं आता ही रडणार, आणि लॉजच्या दारात रडणाऱ्या बाईला घेऊन मी काय करणार. पण तिने जॅक बाजूला ठेवला, पार्सल उचललं आणि मागच्या सीटवर मांडीवर घेऊन बसली.

"चल," ती म्हणाली. "वर्षभर फिरवलंस ना यांना? आता घर दाखवू."

घर छान होतं. करडा सोफा, पांढऱ्या भिंती आणि भिंतभर काच, तिच्यापलीकडे सगळं शहर. गाइडने दिवसभर जे तुकड्या-तुकड्याने दाखवलं ते इथे फुकट एकत्र दिसत होतं. झालर सोफ्याच्या अगदी कडेला बसली, तपासायला बोलावल्यासारखी. मग उठली आणि मुलाला म्हणाली,

"खुर्ची आण. एका बाजूने तू धर, दुसऱ्या बाजूने मावशी."

आम्ही पडदा वर धरला. शहर गेलं आणि त्याच्या जागी फुलं आली. खोलीत सर्कशीचा तंबू ठोकल्यासारखं झालं. जांभळे पक्षी करड्या सोफ्याकडे टक लावून बघू लागले. झालर भिंतीपर्यंत मागे सरकली, एक डोळा मिटला, मान तिरकी केली. माझे हात भरून आले.

"बोल गं," ती सुनेला म्हणाली.

"शिवलेत फार सुंदर, आई."

"शिवणाचं नाही विचारलं."

सुनेने चष्मा वर सरकवला. "भीती वाटते बघून."

मला हसू फुटलं आणि माझी बाजू खाली आली. झालर हसली नाही. खुर्चीवर उभ्या मुलाकडे बघत म्हणाली, "आणि तुला?"

"छानच आहेत गं आई."

"अजूनही तेच?"

त्याने पडदा तोंडासमोर ओढला. मग पडद्याआडूनच म्हणाला, "भयंकर दिसतात."

"हं. उतर खाली." ती सोफ्यावर नीट, आत सरकून बसली. "हे तेव्हाच फोनवर सांगायला काय झालं होतं?"

"तुला वाईट वाटलं असतं."

"मग वर्षभर काय वाटत होतं? तेवढंच वाटत होतं, फक्त काढत होते हिच्यावर."

"माझ्यावर?" सून म्हणाली.

"मग काय! काय काय बोलले, विचार या बाईला."

"मी नाही सांगणार," मी म्हणाले. "मला परत गेल्यावर हिच्याबरोबरच काम करायचंय."

सून बघत राहिली आणि मग हसली, तोंडावर हात न ठेवता. झालरने ते पाहिलं. यावेळी त्यातून काही अर्थ काढला नाही.

मग तिने पर्समधून सुई काढली, दोरा ओवला आणि मुलासमोर धरला.

"घे."

"हे काय?"

"शाळा सुटल्यावर दुकानात बसून दुमड घालायचास की नाही? पोपटी दोरा काढ आणि पक्की घाल."

"पण आई, हे लावायचे नाहीत ना?"

"छे! असले कोण लावेल?"

"मग दुमड कशाला?"

"राहिलीये म्हणून. माझ्या हातचं अर्धवट काम डिकीत पडून राहिलेलं मला चालायचं नाही."

ऑफिसचा कडक इस्त्रीचा शर्ट घातलेला तो पोरगा जमिनीवर मांडी घालून बसला, मांडीवर हे एवढं नारिंगी फूल. पहिलाच टाका बोटात घातला. झालर जागची हलली नाही, पण तिचा हात हलला. मी तो धरून ठेवला.

"आई, एकाच पडद्याला घातली तर?"

"सगळ्या."

"पुलावर आता दिवे लागतील," सून म्हणाली. "बसमधून नाही दिसत नीट. चालत जाऊ या?"

"शहर बघायचं आमचं राहिलंच होतं," झालर म्हणाली आणि बूट घालायला लागली. तिला राहायला बोलावलं होतं. बोलावणारी तिला हवी होती ती नव्हती, आणि जो हवा होता तो आत बोट चोखत बसला होता. पण बॅग तर घरात आली होती. लेस बांधताना तिने एकदा वाकून आत बघितलं आणि पुटपुटली, "टाके मोठे घालतोय मेला."

लिफ्टमध्ये वरच्या मजल्यावरची एक बाई कुत्रं घेऊन उभी होती. सुनेने ओळख करून दिली, या माझ्या सासूबाई. बाईने विचारलं, कशा आलात, शहर बघायला का?

मी सुनेकडे बघितलं, सुनेने माझ्याकडे.

"छे हो," झालर म्हणाली. "घरात पडद्यांचं काम काढलंय. मुलगा स्वतः बसलाय करायला, ऑफिस सोडून. मला म्हणजे हातसुद्धा लावू देत नाही."