आमच्या बाथरूममधले प्लग

लेकीने बाथरूमच्या भिंतीवर खडूने तीन फुल्या मारल्या होत्या. एक बेसिनजवळ, केस वाळवायच्या मशीनसाठी. एक खाली, कपडे धुवायच्या मशीनसाठी. तिसरी टबाच्या अगदी डोक्यावर, बाळाला अंघोळ घालताना हीटर लावायला. बायको गेल्यावर मी एकटा पडलो, म्हणून लेक, जावई आणि तान्हं बाळ माझ्याकडे राहायला आले होते. बायको याच बाथरूममध्ये पडली. डॉक्टर म्हणाले, हार्ट अटॅक. आता तिथे नातीची अंघोळ व्हायची होती. तिला काही होऊ नये, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

वायरमन फुल्या बघून हसला. "ताई, ही टबावरची पुसा. इथे प्लग दिला तर माझा फोटो पेपरात येईल."

"मग हीटर कुठे लावू?"

"बाहेरच्या खोलीत. तिथे बाळाला पुसा, कपडे घाला. बेसिनचा प्लग नळापासून लांब आणि वर घेऊ. मशीनचा दाराजवळ. पाणी उडेल तिथे काही नाही."

"बाबा, तुमचं काय म्हणणं?"

"मला विचारशील तर एकही नको."

"बाबांचं ऐकलं तर आपण कंदील लावून बसू," ती वायरमनला म्हणाली.

फुली पुसून त्याचे हात पांढरे झाले होते. ते धुवायला त्याने नळ धरला आणि झटकन हात मागे घेतला. मग खिशातला टेस्टर काढून नळाला टेकवला. आतला दिवा लागला.

त्याने गिझर बंद केला. दिवा तसाच. बाहेर जाऊन घराचा मेन स्विच पाडला. फ्रिजची घरघर थांबली, बाथरूममध्ये अंधार झाला. त्याने परत टेस्टर टेकवला. अंधारात तो बारीक नारिंगी दिवा लागलाच.

"घरात लाइट नाही, मग हा करंट येतो कुठून?" लेकीने विचारलं. तिने बाळाला छातीशी आवळून धरलं होतं.

वायरमन वाकून पाइप बघत होता. "या बिल्डिंगमध्ये अर्थिंगची वायर कुणी जमिनीत नेलेलीच नाही. ज्याने त्याने आपली वायर पाण्याच्या लोखंडी पाइपला गुंडाळली. पाइप जमिनीत जायचा, त्यामुळे इतकी वर्षं निभावलं. मघाशी जिन्याखाली बघितलं, तिथे कुणीतरी मधला तुकडा काढून प्लास्टिकचा टाकलाय. आता करंटला जमिनीत जायला वाटच नाही. बिघाड एकाच्या घरात आणि करंट सगळ्यांच्या नळाला."

टेस्टर लेकीच्या हातात देऊन तो वर गेला. मीही मागोमाग गेलो.

"नळाला करंट? अहो, तो कधीचा येतोय," वरच्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या. त्यांच्या नळाला जाड फडकं बांधलेलं होतं. "फडक्याने धरायचा, पायात चप्पल ठेवायची. सवय होते हो. तुमच्याकडे काकूंनाही मीच सांगितलं होतं."

मी दाराची चौकट धरली. बायको मला कधी काही बोलली नव्हती. मी अंघोळीला जायचो तेव्हा माझी बादली भरलेली असायची.

वायरमनने त्यांचा गिझर बंद केला. खालून लेक ओरडली, "विझला!"

"याच्यातच आहे," तो म्हणाला. "वहिनी, मी सामान घेऊन येतो. तोवर हा लावू नका. कुणालाच लावू देऊ नका."

"नाही लावत. मुलं शाळेतून आली की त्यांनाही सांगते."

टेस्टर माझ्याकडे ठेवून तो गेला. मी मेन स्विच चालू केला. संध्याकाळ झाली तरी तो आला नव्हता. बाळाने शी करून सगळं अंग भरवलं होतं.

"बाबा, टब भरते."

"थांब. वायरमनला येऊ दे."

"दिवा विझलेला तुम्हीही ऐकलात. किती वेळ हिला अशीच ठेवू? आई गेली, ते दुःख मलाही आहे. म्हणून नळाला हातच लावायचा नाही का?"

मी दारात आडवा उभा राहिलो. ती माझ्या हाताखालून आत गेली, एका हातात बाळ, दुसरा हात नळाकडे. मी तिचं मनगट धरलं आणि टेस्टर नळाला टेकवला.

दिवा लागला.

तिने हात मागे ओढला. बाळ तिच्या खांद्यावर नाक घासत होतं. डोक्यावर, छताच्या पलीकडे, कुणीतरी पळत बाथरूममध्ये गेल्याचा आवाज आला. लहान पावलं होती. मग पाइपमध्ये पाणी घुमायला लागलं.

"बाहेर हो," मी म्हणालो आणि जिन्याकडे धावलो.

वरचं दार आतून लावलेलं होतं. मी बेल दाबली, दार बडवलं, गिझर बंद करा म्हणून ओरडलो. आत बादली भरून वाहत असल्याचं, पाणी फरशीवर पडत असल्याचं ऐकू येत होतं. नळ कुणी बंद करत नव्हतं.