लाल पेटी, करडी पेटी

मी देवमाशाला कॉन्सर्टिना वाजवून दाखवली होती, ही थाप आमच्या घरात गेली बारा वर्षं सुखाने नांदत होती. दाट धुकं, वाट चुकलेलं जहाज, डेकवर मी, हातात ती सहा कोनांची छोटी पेटी. मी भाता ओढला, देवमासा आला आणि त्याने आम्हाला बंदरापर्यंत सोडलं. नात ऐकायची तेव्हा देवमासा मागे वळून शेपटीही हलवायचा.

त्याच नातीला, आमच्या टिकलीला, कॉन्सर्टिनाच शिकायची हुक्की आली. शाळेतल्या संगीताच्या बाई क्लास घेणार होत्या; पेटी कसली घ्यायची याची त्यांनी चिठ्ठी दिली. सून म्हणाली, "घरात एवढे जाणकार असताना आम्ही कशाला लुडबुड करायची? मामंजी, तुम्हीच निवडून आणा. फक्त फार महाग नको."

चिठ्ठी मी खिशात घातली. जाणकार माणूस दुकानात चिठ्ठी वाचतो का कधी?

टिकलीला घेऊन दुकानात गेलो. दुकानदार वाद्यं दुरुस्तही करायचा. बोटांना सरस चिकटलेला. त्याने दोन पेट्या समोर ठेवल्या. एक करडी, जुनी, कोपरे घासलेली. दुसरी लालभडक, नवी. दोन्ही आमच्या ऐपतीतल्या.

"क्लास कुठल्या पद्धतीचा आहे, आजोबा?"

"मला सगळ्या पद्धती येतात," मी म्हणालो.

"मग वाजवूनच बघा की."

टिकली माझ्याकडे असं बघत होती, जणू आता दुकानात देवमासाच येणार. मी लाल पेटी उचलली, पट्ट्यात हात घातले, कपाळाला आठ्या घातल्या आणि खाली ठेवली. "डॉक्टरांनी खांद्याला ताण द्यायला मनाई केलीय. पण हीच द्या. हिच्यात दम आहे."

क्लास सुरू व्हायला तीन आठवडे होते. बाईंनी बटणांचा तक्ता दिला होता, त्यावरून टिकली घरी बोटं बसवू लागली. शाळेतून आली की दप्तर फेकून पेटी. भाता दाबला की सूर बरोबर. ओढला की त्याच बटणातून भलताच. पुन्हा दाबायची, पुन्हा ओढायची.

"आजोबा, असं का होतं?"

"नवी पेटी लाजते गं. रुळेल हळूहळू."

ती शाळेत गेल्यावर मी चिठ्ठी काढली, चष्मा लावला. 'डुएट कॉन्सर्टिनाच घ्या. जुनी चालेल, साधी चालेल. उजव्या हाताला वरचे सूर, डाव्याला खालचे. भाता दाबा किंवा ओढा, एका बटणातून एकच सूर यायला हवा. मुलांना हे सोपं जातं. एवढं तपासाच.'

पेटी लाजत नव्हती. जातच वेगळी होती. आणि लाजायला हवं होतं ते भलत्यालाच.

त्याच दिवशी बोलायला हवं होतं. नाही बोललो. दहा दिवस मी समोर बसून "वा, वा" करत राहिलो.

अकराव्या दिवशी तिने मला एक घडी केलेला कागद दिला. "बाईंना द्याल? मी लिहिलंय की माझे कान खराब आहेत. माझी जागा दुसऱ्या कुणाला तरी द्या म्हणून." रडली नाही. पेटी तिने पुसून खोक्यात ठेवली होती.

तसाच उठलो, खोकं काखेत मारलं आणि तिला घेऊन दुकान गाठलं.

"ही चुकीची आहे," मी म्हणालो. "डुएट हवी होती. चिठ्ठी खिशात होती, मी वाचली नाही. आणि मला वाजवता येत नाही. कधीच येत नव्हतं."

दुकानदाराने खोकं उघडलं. "वाजवता येत नाही ते त्याच दिवशी कळलं होतं, आजोबा. पेटी उलटी धरली होतीत."

"मग बोलला का नाहीस, बाबा?"

"नातीसमोर?" तो म्हणाला. "करडी, डुएटवाली, मात्र विकली नाही. म्हटलं, याल परत."

ओरडला असता तर बरं झालं असतं.

"आणि देवमासा?" टिकलीने विचारलं.

"नव्हता."

"जहाज?"

"जहाज होतं. मी त्यावर बटाटे सोलायचो."

तिने खोक्यातल्या लाल पेटीकडे पाहिलं. "म्हणजे माझे कान चांगले आहेत?"

"एकदम चांगले. शप्पथ—"

"तुम्ही सांगू नका," ती म्हणाली. "तुम्ही वाजवा. मी ऐकते."

दुकानदाराने करडी पेटी माझ्या हातात सुलटी बसवली. आयुष्यात पहिल्यांदा मी बटण दाबलं. भाता दाबला. ओढला. सूर तोच.

"पुढचं," टिकली म्हणाली.

गिऱ्हाइकं येऊन उभी राहिली. कुणीतरी हसलं. माझे कान तापले, खांदाही खराखुरा दुखू लागला. ती डोळे मिटून ऐकत होती.

"पुढचं, आजोबा. सगळी."