पुसलेल्या लेबलाचा राऊटर

मी तुमच्या ओळखीचाच आहे. तुम्ही माझ्याशी कधी प्रेमानं बोलला नसाल, पण माझ्याकडे बघून वैतागला नक्की असाल. मी घरातला वायफायचा राऊटर. चपटा, काळा, दोन अँटेना कानांसारख्या वर केलेला आणि हिरवे दिवे लुकलुकवत कोपऱ्यात बसलेला. एरवी मी दुसऱ्यांचं बोलणं इकडून तिकडे पोचवतो. आज माझं स्वतःचं थोडं ऐका.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. हातमोजे घातलेल्या एका मुलीनं शेवटी मला उलटं केलं आणि माझ्या पोटावर पांढरं लेबल चिकटवलं. त्यावर माझं नाव, नंबर आणि मी कितव्या आवृत्तीचा, हे बारीक अक्षरांत छापलेलं होतं. आमच्यात ही एक भानगड असते. बाहेरून आम्ही सगळे एका साच्यातले सख्खे भाऊ, पण आवृत्ती बदलली की आतला कारभार निराळा. एकाचं डोकं दुसऱ्याच्या धडाला बसत नाही. हे आमचं आम्हाला ठाऊक असतं. माणसं तोंडावळा बघून फसतात.

मी या घरात आलो तेव्हा माझा काय थाट होता. दादानं मला कपाटावर मधोमध बसवलं. आई, म्हणजे दादाची आई, येणाऱ्याजाणाऱ्याला मला दाखवायची. पुढे नवलाई संपली. माझं अंग कायम कोमट असतं हे आईच्या लक्षात आलं आणि एक दिवस माझ्या दोन अँटेनांवर दोन ओले पायमोजे आले. तेव्हापासून घरातले पायमोजे वाळवणं हे माझं जोडकाम झालं. मला राग आला नाही असं नाही. दादा भिशीवाल्या मित्रांना फुशारकीनं काही दाखवायला लागला की मी नेमका रुसायचो आणि पडद्यावर गोल गोल फिरणारं चक्र लावून द्यायचो. मग दादा मला फुंकर मारायचा, आई पाठीत थापट्या मारायची. दोन्हींचा काही उपयोग नसतो, पण बरं वाटायचं.

दरम्यान माझ्या कंपनीनं मला वाऱ्यावर सोडलं. आमच्या आत जे सॉफ्टवेअर असतं, ज्याला फर्मवेअर म्हणतात, तोच आमचा स्वभाव. त्यातल्या चुका निस्तरणारी नवी दुरुस्ती कंपनी अधूनमधून पाठवायची. मग तिनं नव्या राऊटरांचं कौतुक सुरू केलं आणि माझ्याकडे येणारी दुरुस्ती थांबली. अंगात धडधाकट, पण कागदोपत्री म्हातारा, अशी माझी गत झाली.

माझ्या जुन्या स्वभावातली सर्वांत मोठी खोड म्हणजे मला रांग लावता येत नव्हती. दादाला व्हिडिओ काढायचा नाद. नळ गळला तर तो नळ दुरुस्त करायच्या आधी त्याचा व्हिडिओ काढतो. तो घरात शिरला की त्याचा फोन ते सगळे व्हिडिओ इंटरनेटवर साठवायला पाठवू लागतो. ती अगडबंब गाठोडी मी दारात घ्यायचो, आणि त्यांच्यामागे बाकीच्यांच्या माहितीची चिमुकली पाकिटं गुदमरत उभी राहायची.

त्यातली बरीचशी पाकिटं ताईची असायची. ताई म्हणजे दादाची धाकटी बहीण. वहिनी, म्हणजे दादाची बायको, तिला ताई म्हणते म्हणून मीही म्हणतो. ताईला खुणांची भाषा येते. ज्यांना ऐकू येत नाही असे रुग्ण दवाखान्यात गेले की डॉक्टर जे बोलतात ते ती व्हिडिओ कॉलवरून हातांनी रुग्णाला सांगते, आणि रुग्ण हातांनी जे सांगतो ते डॉक्टरांना तोंडानं. हे काम घरबसल्या करायला देणारं एक केंद्र होतं. तिथं शिरायला परीक्षा होती, आणि ती ताईनं माझ्या भरवशावर दिली. दुसऱ्याच प्रश्नाला दादा घरात शिरला. चित्र थिजलं. पोटात कुठं दुखतं हे विचारता विचारता ताई पडद्यावर तशीच राहिली, एक डोळा अर्धा मिटलेला, तोंड वाकडं, दोन बोटं हवेत.

केंद्रातल्या मॅडमना स्वतःला ऐकू येत नाही. त्यांनी नंतर लिहून कळवलं की हातांच्या भाषेत अडकलेलं चित्र म्हणजे अर्धवट तोडलेलं वाक्य, आणि आजारी माणसाला अर्धवट वाक्य देता येत नाही. आणखी एक संधी देते, पण शेवटची. ताईला हे काम हवं होतं ते नुसतं काम म्हणून नव्हे. हातात आलेली विद्या वाया चालली आहे, असं तिला आतून टोचत होतं. त्या दिवशी ती जेवलीसुद्धा नाही.

दादा म्हणाला, आपण नवीन राऊटर घेऊ. हे तो फार दिवसांपासून म्हणत होता आणि प्रत्येक वेळी तितक्याच उत्साहानं म्हणायचा. वहिनीनं मात्र पदर खोचला. वहिनी चष्म्याच्या दुकानात काचा बसवते, हात बारीक कामाला सरावलेला, आणि आत्मविश्वास हातापेक्षा मोठा. तिनं सांगितलं की जगभरातल्या लोकांनी मिळून राऊटरसाठी एक खुलं फर्मवेअर लिहिलंय. कुणीही ते उघडून वाचावं, चूक सापडली तर सुधारावी, कुणाचा मज्जाव नाही. माहेरी तिनं वडिलांच्या राऊटरमध्ये ते घातलं होतं आणि तो अजून ठणठणीत चालत होता.

“माहेरचं सगळं ठणठणीतच असतं वहिनी तुझं,” ताई म्हणाली.

“असतंच. मीसुद्धा तिथूनच आले ना.”

शेवटच्या संधीची परीक्षा उद्या दुपारवर आली. आज सुट्टी, सगळे घरात. वहिनीनं माझे पायमोजे उतरवले, मला खाली आणलं आणि आवृत्ती बघायला उलटं केलं. माझ्या पोटावरचं लेबल कोऱ्या कागदासारखं पांढरंशुभ्र होतं.

तिनं आईकडे बघितलं. आई घरातली प्रत्येक वस्तू घासते. काचा, कड्या, रिमोट, मी. दर आठवड्याला साबणाच्या फडक्यानं माझं पोट रगडायची, आणि माझी अक्षरं एकेक करून फडक्यात गेली होती. मला गुदगुल्या व्हायच्या म्हणून मीही कुरकुर केली नव्हती. आईचं म्हणणं पडलं की पोटावर महत्त्वाचं लिहून ठेवतात हे तिला कुणी सांगितलं होतं का, आणि ते कळकट दिसत होतं.

वहिनीनं मला उजेडात धरलं, तिरकं धरलं, मग म्हणाली की अगदी बाबांच्यासारखाच दिसतो, तीच आवृत्ती असणार. मी जिवाच्या आकांतानं सगळे दिवे लुकलुकवले. तिला वाटलं मी खूश आहे.

तिनं चुकीच्या भावाचं डोकं माझ्यात घातलं. आत येणारं फर्मवेअर तपासणारा माझा जुना पहारेकरीही असा आळशी, की त्यानं फक्त आडनाव वाचलं आणि आत सोडलं. मग माझ्या अंगात काय झालं ते सांगता येत नाही. डावा पाय उचलायला जावं आणि उजवा कान हलावा, तसं. एक दिवा तेवढा फडफडत राहिला. वायफाय गेलं, तारेवरचं इंटरनेट गेलं, मी वीट झालो, नुसता निर्जीव ठोकळा.

दादा आत डोकावून म्हणाला, आता तरी नवीन घेऊ. दुकानं बंद होती.

ताईच्या तोंडून शब्द फुटेना. तिचे हात मात्र सुटले. ती वहिनीसमोर उभी राहून खुणांच्या भाषेत भराभरा बोलू लागली. तिच्या बोटांची पाकिटं नेऊन नेऊन मला ती भाषा थोडी कळायला लागली होती, त्यामुळे तिनं वहिनीला काय काय म्हटलं ते मी इथं सांगणार नाही. वहिनीनं सगळं शांतपणे बघून घेतलं.

आईनं विचारलं, “काय म्हणतेय गं ती?”

“माझ्या माहेरच्यांची चौकशी करताहेत,” वहिनी म्हणाली.

ताईला हसू आलं, आणि हसता हसता ती रडायलाच लागली. मग वहिनीचा चेहरा उतरला. ताईशेजारी बसून ती म्हणाली, “चुकलं माझं. पण मी याला असा सोडणार नाही. माझ्या हातून बिघडलाय.”

ती मोबाईलच्या तुटपुंज्या नेटवर शोधू लागली; त्यावर वाचण्यापुरतं चालायचं, व्हिडिओ कॉल नाही. खुल्या फर्मवेअरची गंमत ही, की ते लिहिणारे आपल्या चुकाही लिहून ठेवतात. कुठल्या तरी दूर देशातल्या माणसानं लिहिलं होतं, मीही हाच गाढवपणा केला, घाबरू नका, राऊटर मेला नाही, नुसता भांबावलाय. आधी खरी आवृत्ती शोधा. लेबल नसेल तर उघडा, आतल्या पाटीवर छापलेली असते.

पण उघडणार कसं? माझ्या अंगावर एकही स्क्रू दिसत नव्हता. वहिनीनं कडेला नखं घालून बघितली, दादानं सुरी आणली, आणि मी मनातल्या मनात सगळ्यांचा निरोप घेतला.

“पायांखाली आहेत स्क्रू,” आई म्हणाली. “ती रबरं निघतात. मी काढून धुते ना.”

वहिनीनं माझे रबरी पाय काढले, चष्म्याच्या दुकानातला तिचा इवलासा पेचकस आणला आणि मला उघडलं. आत हिरव्या पाटीच्या कोपऱ्यात माझी आवृत्ती ठसठशीत छापलेली होती. इतक्या आत आईचं फडकं पोचलं नव्हतं.

पुढचं काम नाजूक होतं. रिसेटच्या भोकात टाचणी दाबून धरायची, तसंच वीज सुरू करायची, म्हणजे मी भांबावलेल्या अवस्थेतही तारेवरून विचारतो, कुणी मला डोकं देता का? संगणकानं त्या क्षणी बरोबर फाईल पुढे करायची. आणि ती आत जात असताना वीज जाता कामा नये. आई प्लगसमोर कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. दादा फोन चार्जिंगला लावायला आला, तो तिच्या नजरेनंच परत फिरला.

आणि मी जागा झालो. काय सांगू, कुणी तरी डोक्यातला माळा झाडून काढावा तसं वाटलं. दिवे लागले. ताईनं फोन उघडला, आणि वायफाय नव्हतंच.

तिचा चेहरा पुन्हा पडला. पण यात माझा दोष नव्हता. हे नवं फर्मवेअर शिष्टाचाराचं आहे, कुणी सांगितल्याशिवाय ते वायफाय सुरू करत नाही. वहिनीनं त्या दूरच्या माणसाच्या सूचनांतली पुढची ओळ वाचली आणि ते सुरू केलं. मग तिनं मला रांग लावायला शिकवलं, चिमुकली पाकिटं पुढे, गाठोडी मागे. नव्या वायफायला नाव द्यायचं होतं, ते तिनं आईला न विचारता दिलं. तेव्हापासून आमच्या भिंतीला भिंत लागून राहणाऱ्यांच्या फोनवर आमच्या घराचं नाव दिसतं, ‘पोट पुसू नका’.

दुसऱ्या दिवशी ताई खिडकीकडे तोंड करून बसली. पडद्यावर मॅडम रुग्ण झाल्या होत्या आणि केंद्रातले एक डॉक्टर नुसते आवाजानं प्रश्न विचारत होते. मॅडमचे हात असे चालत होते की दुसऱ्या कुणाला वाटावं माशा हाकलताहेत. ताई एकही खूण सोडत नव्हती. मध्येच दादा घरात शिरला आणि त्याच्या फोननं कुठल्या तरी मिरवणुकीएवढे व्हिडिओ माझ्या दारात आणून ओतले. मी म्हटलं, दादासाहेब, मागे उभे राहा. आयुष्यात पहिल्यांदा मला कुणाला तरी थांबवता येत होतं, आणि त्याची जी मजा आली ती पायमोज्यांची सगळी वर्षं भरून काढणारी होती.

प्रश्न संपले. डॉक्टर कॉलवरून गेले. उरल्या मॅडम. त्यांनी निकाल सांगायला दोन्ही हात वर उचलले, आणि तशाच थांबल्या. एक डोळा अर्धा मिटलेला, तोंड वाकडं, दोन बोटं हवेत.

ताईनं मागे वळून हाक मारली. “वहिनी, अडकलं गं.”

मी अडकलो नव्हतो. शपथेवर सांगतो, प्रत्येक चित्र येत होतं तसं मी पोचवत होतो. पण येणारं प्रत्येक चित्र आधीच्यासारखंच होतं, त्याला मी काय करू? मी दिवे फडफडवले. वहिनी धावत आली आणि बंद करून चालू करायच्या सवयीनं तिचा हात थेट माझ्या प्लगवर गेला. तिनं तो ओढला असता तर मॅडमच्या पडद्यावर ताई खरोखरच नाहीशी झाली असती, शेवटच्या संधीसकट.

“थांब,” आई दारातून म्हणाली. “त्या बाईंच्या मागचा पंखा फिरतोय.”

वहिनीचा हात तिथंच राहिला. तिघींनी बघितलं. पंखा फिरत होता. मॅडमच्या कपाळावरची एक बट वाऱ्यानं हलत होती. मग त्यांचा वाकडा ओठ थरथरला, मिटलेला डोळा उघडला, आणि त्या खुर्चीत मागे रेलून पोट धरून हसू लागल्या. हसणं आवरल्यावर त्यांनी हातांनी सांगितलं की मागच्या खेपेला हे तोंड त्यांना फार वेळ बघावं लागलं होतं, त्याची परतफेड केली. आणि हो, ताई सोमवारपासून कामावर.

ताईनं ते वाचलं, पण आईला तोंडानं सांगायचं विसरून हातांनीच सांगितलं. आईला समजलं.

आता मी पुन्हा कपाटावर आहे. पायमोजे येतात, पण एकावेळी एकच, कारण दुसऱ्या अँटेनेला वहिनीची सक्त मनाई आहे. वहिनी ताईकडून खुणांची भाषा शिकते आहे. दोघी जेवताना आईच्या डोक्यावरून गप्पा मारतात, आणि आपल्यावरच चाललंय हे ओळखून आई वाढायचा डाव हातात तसाच धरून बसते.

तुमच्या घरीही माझा एखादा भाऊ असेल. कंपनीनं सोडला म्हणून त्याला भंगारात घालू नका. उलटा करा, पोटावरचं लेबल अजून शाबूत असेल तर आजच त्याचा फोटो काढून ठेवा. त्याला बसेल असं डोकं कुणी तरी लिहून ठेवलेलं असण्याची बरीच शक्यता आहे, आणि ते घालताना झालेला गाढवपणाही.

बरं, येतो. ताई खिडकीपाशी बसली आहे, एका आजीबाईंच्या गुडघ्याचं बोलणं सुरू होतंय, आणि जिन्यात दादाची पावलं ऐकू येताहेत. त्याला रांगेत उभं करायचं आहे.