एक कोरे मिनिट

मित्रांनो, दिल्लीच्या मयूर विहारमध्ये चौथ्या मजल्यावरच्या एका फ्लॅटमध्ये, कपाटावरच्या निळ्या पेटीत राहणारा मी एक म्हातारा ट्रम्पेट. माझ्या पितळेवर काळे डाग पडले आहेत. तोंडाजवळ एक पोचा आहे आणि माझ्या तीन दट्ट्यांपैकी मधला आता अडकतो. माझ्यातून शेवटचा सूर निघाला त्याला सहा वर्षे झाली. तरीही मला बोलायचे आहे, कारण ज्यांनी मला आयुष्यभर वाजवले त्यांना आता फार बोलता येत नाही.

माझा जन्म मेरठचा. तिथे एका गल्लीत लग्नाच्या बँडची वाद्ये बनतात. माझ्याबरोबर घडवलेली सारी भावंडे वरातीत गेली. मला मात्र पंचेचाळीस वर्षांपूर्वी एक सडपातळ तरुण घ्यायला आला. त्यांचे नाव सूर्यकांत साळवे. नगरच्या चर्चच्या बँडमध्ये शिकलेले आणि दिल्लीत एका मंत्रालयात नव्याने नोकरीला लागलेले.

“शादी में बजाओगे?” मला घडवणाऱ्या म्हाताऱ्या कारागिराने विचारले.

“नहीं चाचा, जॅझ.”

“वो क्या होता है?”

सूर्यकांतरावांनी मला ओठांना लावले आणि उभ्या उभ्या एक धून वाजवून दाखवली. कारागिराने हातोडी खाली ठेवली. “अच्छा,” तो म्हणाला, “हँसने और रोने के बीच का कुछ.”

लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये आमचा संसार सुरू झाला. दिवसभर फायली आणि संध्याकाळी मी. पुढे चार सोबती मिळाले आणि बँड उभा राहिला. पियानोवर सोलापूरचे नरसिंह, सॅक्सोफोनवर हरीश, बासवर अंबादास आणि ड्रमवर शार्दूल. नाव ठेवले ‘लक्ष्मीबाई नगर फाइव्ह’. दर शनिवारी एका मोठ्या हॉटेलात आम्ही वाजवत असू. लोक जेवता जेवता थांबत. एकदा तर एक आजोबा टाळ्या वाजवता वाजवता रडले. मित्रांनो, त्या दिवसांत सूर्यकांतराव मला रोज मऊ कापडाने पुसत.

त्या वसाहतीत देशभरची माणसे राहत. दर महिन्याला कुणाच्या तरी दाराशी बदलीचा ट्रक लागे. सामान चढे, मुले मैत्रिणींच्या गळ्यात पडून रडत, आणि आठवड्याने त्याच घरातून वेगळ्याच फोडणीचा वास येई. सूर्यकांतरावांनी दोन वर्षे खपून यावरच पाच वाद्यांसाठी एक मोठी रचना केली. तिचे नाव ‘बदली’. त्यांच्या पत्नी चंद्रप्रभाबाईंना पाश्चात्त्य स्वरलिपीतले ओ की ठो कळत नव्हते. तरीही रांगोळीचे ठिपके मोजावेत तशा मोजून मोजून त्यांनी प्रत्येकाच्या भागाची स्वच्छ नक्कल करून दिली. रचनेच्या मध्यावर आम्ही सगळे गप्प होत असू आणि नरसिंह एकटेच, त्यांनी स्वतः रचलेले, पूर्ण एक मिनिट वाजवत. ट्रक निघून गेल्यावर रिकाम्या घरात उरते ते, असे सूर्यकांतराव म्हणत.

‘बदली’ एकदाच वाजली. मंडी हाउसजवळच्या एका सभागृहात, धुक्याच्या दुपारी, जेमतेम तीस माणसांपुढे. कुठे चार ओळीसुद्धा छापून आल्या नाहीत.

मग उतार लागला. हॉटेलाने बँड बंद करून गाणी लावायचे यंत्र बसवले. हरीश नोकरीसाठी गुडगावला गेले. चंद्रप्रभाबाई वारल्या. निवृत्तीनंतर क्वार्टर सोडताना माळ्यावरची ‘बदली’ची मूळ वही काढली, तर वाळवीने तिची माती केली होती. सूर्यकांतराव मुलीकडे, रेवतीकडे, मयूर विहारला आले. एके सकाळी दाढी करताना त्यांच्या तोंडाची उजवी बाजू लुळी पडली. शब्द तुटक झाले आणि ओठांतून हवा निसटू लागली. पाच वर्षे माझी पेटी उघडली नाही. त्याच काळात, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, नरसिंह गेले. त्यांच्या अंत्ययात्रेला कुणालाच जाता आले नाही.

मागच्या हिवाळ्यात एक दिवस सूर्यकांतराव रेवतीला म्हणाले, “बदली... एकदा... ऐकायचीय.”

रेवतीने ऑफिसातून रजा काढली. हरीश, अंबादास आणि शार्दूल यांच्याकडे आपापले कागद जपलेले होते. माझ्या भागाचे कागद माझ्या पेटीतच होते. राहिले नरसिंहांचे. त्यांच्या पत्नी लतिकाबाई नोएडात राहत. आम्ही मेट्रोने निघालो. सूर्यकांतराव मला घेतल्याशिवाय निघाले नाहीत. वाजवता येत नसले तरी दट्ट्यांवर बोटे फिरवली की त्यांना धून आठवे.

लतिकाबाईंनी सगळे ऐकून घेतले आणि मान खाली घातली.

“भावजी, हे गेले तेव्हा मुलाला दोनच दिवसांची सुट्टी होती. खोली रिकामी करायची म्हणून त्याने वह्या, कागद, सगळं गोणीत भरलं. कबाडीवाल्याला दिलं. मी तिथेच बसले होते हो. मला वाटलं, आता कोण वाचणार आहे ते?”

सूर्यकांतरावांनी माझी पेटी मांडीवर ओढून घेतली.

“चूक माझी, वहिनी,” ते म्हणाले. “दुसरी प्रत... काढली नाही.”

घरी आल्यावर रेवती म्हणाली, “बाबा, आजकाल कॉम्प्युटर भरून देतो. बाकीचे चार भाग दिले की पियानो तो बनवेल. बिल्कुल कळणार नाही.”

“भरून देईल,” सूर्यकांतराव म्हणाले. “नरसिंह... देईल का?”

फेब्रुवारीतल्या एका रविवारी सकाळी, सोसायटीच्या हॉलमध्ये, जमलेल्या शेजाऱ्यांपुढे हरीश, अंबादास आणि शार्दूल असे तिघेजण वाजवायला बसले. माझा भाग हरीशनी सॅक्सोफोनवर घेतला. मी सूर्यकांतरावांच्या मांडीवर होतो. माझे सूर दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना काय वाटते, ते मी तुम्हांला सांगू शकत नाही.

मध्य आला. तिघेही थांबले. सूर्यकांतरावांनी आधीच बजावले होते, ते मिनिट रिकामेच ठेवायचे. लोकांना वाटले, संपले. कुणी टाळ्या वाजवल्या, एक जण चपला शोधू लागला. रेवतीने हात वर करून सगळ्यांना थांबवले. शांतता पसरली. सूर्यकांतराव माझ्या दट्ट्यांवर बोटाने मात्रा मोजत होते.

आणि पहिल्या रांगेतून एक बारीक, चिरका आवाज आला. लतिकाबाई गुणगुणत होत्या. एके काळी दोन वर्षे स्वयंपाक करताना त्यांनी शेजारच्या खोलीतला तो सराव ऐकला होता. त्यांनी स्वतःच दचकून तोंडावर पदर धरला, पण गुणगुणणे थांबले नाही. नरसिंहांचीच धून होती ती. जशीच्या तशी. आठ सेकंद, दहा, बारा. मग आवाज अडखळला.

“पुढचं नाही आठवत,” त्या म्हणाल्या आणि हुंदके देऊ लागल्या.

सूर्यकांतरावांच्या वाकड्या तोंडातून एकच शब्द आला, “पुन्हा.”

त्यांनी पुन्हा गुणगुणून पाहिले. तेवढेच आले. हरीशनी खिशातले पेन काढून ते बारा सेकंद पाठकोऱ्या कागदावर उतरवून घेतले.

आता लतिकाबाई दर गुरुवारी आमच्याकडे येतात. चहा होतो. सूर्यकांतराव कागद पुढे सरकवतात. त्या डोळे मिटून बसतात आणि बारा सेकंदांपाशी येऊन थांबतात. परवा म्हणाल्या, “कधी विचारलंच नाही हो त्यांना, हे काय वाजवताय म्हणून.”

मित्रांनो, मला कुणी पुसले नाही तरी चालेल. पितळ काळवंडायचेच. पण तुमच्या घरात कुणी काही वाजवत असेल, लिहीत असेल, कामाच्या नादात गुणगुणत असेल, तर त्याच्या शेजारी जाऊन बसा. हे काय आहे, म्हणून विचारा. पुढचे कसे आहे तेही विचारा आणि पाठ होईपर्यंत उठू नका. आमच्या कागदावर अजून अठ्ठेचाळीस सेकंद कोरे आहेत, आणि ज्यांना ते येत होते त्यांना आता विचारता येत नाही.