भिंगरीने काढलेला माग

चष्मेवालीने दुकानाचं शटर जेमतेम गुडघ्यापर्यंत उचललं होतं, तेवढ्यात फोन वाजला. पलीकडे पोस्टमन काका होते. नोकरी सुटून आठ वर्षं झाली तरी गाव त्यांना पोस्टमनच म्हणायचं, आणि हरवलेली माणसं शोधणाऱ्या पथकाचे प्रमुख झाल्यापासून ते फोनवर तार वाचून दाखवल्यासारखं मोजकंच बोलत.

"भिंगरीला घेऊन ये. औषधवाल्याची बायको काल दुपारपासून बेपत्ता आहे. मनाने ठीक नव्हती म्हणे. तळ्याकडे गेली असावी."

शटर पुन्हा खाली आलं.

पथक म्हणजे पाच माणसं आणि तीन कुत्री. पगार कुणालाच नाही. आपापला पोटापाण्याचा धंदा सांभाळून जमेल तसं करायचं. चष्मेवाली आठवडाभर काचा घासायची आणि रविवारी भिंगरीला माग काढायला शिकवायची. भिंगरी तपकिरी, सडसडीत, एक कान कायमचा दुमडलेला. गेल्या सहा वर्षांत तिने वाट विसरलेले चार म्हातारे, दगडखाणीत घसरलेली एक पोरगी आणि रुसून गोदामात दडून बसलेला एक जावई शोधून काढला होता. जावयाचा किस्सा पथकात अजून चवीने सांगितला जाई. जी माणसं उशिरा सापडली, त्यांचा विषय मात्र कुणी काढत नसे.

औषधवाला दारातच उभा होता. मऊ बोलणारा, कुठली गोळी जेवणाआधी नि कुठली नंतर हे दोन-दोनदा समजावणारा माणूस. डोळे सुजून लाल झालेले.

"ताई, तुमच्यावरच भिस्त आहे. जिवाचं काही बरंवाईट करून घ्यायच्या आत..." त्याने डोळे टिपले.

घर दुसऱ्या मजल्यावर, लख्ख. इतकं लख्ख की भिंगरीचे पंजे फरशीवर घसरत होते. वासासाठी उशीचा अभ्रा घ्यायला चष्मेवाली झोपायच्या खोलीत गेली आणि भिंगरी मागोमाग येऊ नये म्हणून तिने दार लावायला घेतलं. कडी हाताला लागेना. आतून कडी नव्हतीच. होती ती बाहेरून, पितळेची, नवीकोरी.

"झोपेत चालते ना," मागून औषधवाला म्हणाला. "पडेल कुठे म्हणून बसवली."

तिने मान डोलावली. अशी घरं तिने पाहिली होती. म्हाताऱ्यांसाठी लोक कड्या बसवतात, गॅसची बटणं काढून ठेवतात. मग तिला फळीवरचा चष्मा दिसला. तिने तो उचलला आणि डाव्या बिजागरीतला पितळी स्क्रू ओळखला. तो तिनेच बसवला होता. ही बाई वर्षभरात तीनदा दुकानात आली होती. "पडला," एवढंच म्हणायची. आणि दर वेळी चष्मा डाव्या बाजूनेच वाकलेला, पण काचेवर ओरखडा म्हणून नाही. फरशीवर पडलेला चष्मा असा वाकत नाही, हे तिला तेव्हाही कळलं होतं. "जरा जपून वापरा," असं म्हणून तिने तो सरळ करून दिला होता.

"चष्मा इथेच?" तिने विचारलं. "नंबर मोठा आहे. चष्म्याशिवाय यांना चार पावलांपलीकडचं माणूस ओळखू येणार नाही."

"मीच काढून ठेवतो. कुठेही टाकते, मग शोधत बसायचं." तो हसल्यासारखं हसला. "चपलाही कपाटातच आहेत. अनवाणी गेलीय बिचारी."

कपाटाची किल्ली त्याच्या शर्टाच्या खिशात होती. खिशातून दोरा बाहेर लोंबत होता.

जिन्यात त्याची आई उभी होती. साठीची, हाडकुळी बाई, पायांत चपला नाहीत. भिंगरी तिच्या पायांपाशी थांबली, हुंगली. बाई दोन पावलं मागे सरकली आणि हळूच म्हणाली, "कुत्रं चुकतं का हो कधी?"

म्हातारीला धीर हवाय असं चष्मेवालीला वाटलं. "काळजी नका करू मावशी. आमची भिंगरी सहसा चुकत नाही."

म्हातारीचा चेहरा एकदम उतरला. तिने कठडा घट्ट धरला आणि मग भिंगरीकडे पाहिलंच नाही.

नियमाप्रमाणे घरच्यांनी शोधात सोबत यायचं नसतं. पण औषधवाल्याने गळ घातली, मागे मागे राहतो म्हणाला, आणि पोस्टमन काकांना भीड पडली. वर्षानुवर्षं त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या त्याच्याच दुकानातून येत होत्या.

अभ्रा हुंगून भिंगरीने नाक जमिनीला लावलं आणि लांब दोर ताणला गेला. पुढच्या फाटकातून नाही, मागच्या जिन्याने, कचऱ्याच्या पिंपांमागून ती निघाली. तळं पूर्वेला. भिंगरी गेली पश्चिमेला, कालव्याकडे.

कालव्यात घोटाभर पाणी होतं. काठाच्या चिखलात चपलांचे ठसे होते, चपला पायापेक्षा मोठ्या, टाच मध्येच रुतलेली. अनवाणी म्हणाला होता ना हा? चष्मेवालीला म्हातारीचे जिन्यातले ते उघडे पाय आठवले. तिने भिंगरीच्या दोराचा एक वेढा त्या ठशांवरून सहज ओढावा तसा ओढला. ठसे पुसले गेले.

भिंगरी पाण्यात शिरली, काठाकाठाने हुंगत दोनेकशे पावलं गेली आणि पलीकडच्या बाजूने वर चढली.

"पाण्यातून कशाला जाईल ती?" औषधवाला म्हणाला. तो पन्नास पावलं मागे राहणार होता. आता वीसवर होता.

जीव द्यायला निघालेलं माणूस घोटाभर पाण्यातून दोनशे पावलं चालत नाही. आपला माग लागू नये असं ज्याला वाटतं, ते चालतं.

माग बाजाराच्या पाठीमागून पोलीस चौकीपाशी आला. चौकीच्या पायरीपर्यंत भिंगरी सरळ गेली. मग थांबली, तिथल्या तिथे तीनदा गोल फिरली आणि आल्या वाटेने भिंतीला घासत परत फिरली. इथे ती बाई बराच वेळ उभी होती. कदाचित उघड्या दारातून तिला आतला आवाज ऐकू आला असेल.

"इथे येऊन परत गेली?" औषधवाल्याला नवल वाटलं. "वेडी की काय! आतले साहेब माझे मित्र. रोज संध्याकाळी दुकानात येऊन बसतात." आणि तो हसला. या खेपेला डोळे लाल नव्हते.

पोस्टमन काकांनी चष्मेवालीकडे पाहिलं. तिनेही त्यांच्याकडे. दोघांच्या मनात एकच गोष्ट आली असावी, पण दोर ताणलेला होता आणि भिंगरीला थांबायचं शिकवलेलं नव्हतं. मध्येच ओढून घ्यावं, तर मागचा माणूस विचारणार, का? आता तो दहा पावलांवर होता. शोधायला निघालेल्या माणसाची चाल एव्हाना थकते, अडखळते. याची चाल हलकी होत चालली होती.

माग संपला तो लॉन्ड्रीच्या मागच्या दारात. इस्पितळाच्या चादरी धुणारी मोठी लॉन्ड्री. भिंतीतल्या नळकांड्यांतून वाफ बाहेर फेकली जात होती. भिंगरी दाराला नाक लावून थरथरायला लागली.

"सापडली!" औषधवाला पुढे झाला.

"तुम्ही इथेच थांबायचं," चष्मेवाली म्हणाली. आवाज आपल्याला हवा होता त्यापेक्षा मोठा निघाला हे तिला जाणवलं. "आधी पथक आत जातं. कुत्री माणसांत बिथरते." हे साफ खोटं होतं. भिंगरी बाजारातही कधी बिथरली नव्हती.

काका दारात आडवे उभे राहिले.

आत काही दिसेना. वाफ, साबणाचा उग्र वास, इस्त्रीच्या रुळांची घरघर. ओळीने बायका काम करत होत्या, डोक्याला फडकी बांधलेली. भिंगरी त्यांच्या पायांमधून वळणं घेत गेली, शेवटच्या टेबलापाशी थांबली, घड्या घालणाऱ्या एका बाईच्या गुडघ्यांवर तिने दोन्ही पंजे ठेवले आणि एकदाच, खणखणीत भुंकली. मग शेपटी हलवत चष्मेवालीच्या खिशाकडे नाचत आली. खिशात जुन्या मोज्याचा गोळा होता. माणूस सापडलं की तो तिला मिळायचा.

घड्या घालणारी बाई डोळे बारीक करून पाहत होती. चेहरा ओळखायला तिला आणखी जवळ यावं लागलं. "चष्म्याच्या दुकानातल्या बाई," ती म्हणाली. मग दाराच्या दिशेने कान देऊन, "तो आहे बाहेर?"

चष्मेवालीने मान डोलावली.

बाई रडली नाही, ओरडली नाही. हातातली चादर नीट घडी करून तिने गठ्ठ्यावर ठेवली. तिची दोन बोटं मोडून वाकडी जुळलेली होती. तिच्याकडे बघता बघता आजूबाजूच्या बायकांनी आपापले रूळ बंद केले. मुकादमीण, थोराड बाई, टेबलाला वळसा घालून मध्ये येऊन उभी राहिली.

"काल संध्याकाळी मागच्या पायरीवर बसली होती," मुकादमीण म्हणाली. "आम्ही आत घेतली. तुम्ही बाहेर काढणार का?"

अकरा वर्षं चष्मेवाली माणसं शोधत होती. ज्याला शोधतो त्याला सापडायचं असतं, हे ती धरूनच चालली होती. तिने खिशातला हात मोकळाच बाहेर काढला. भिंगरी तिच्याकडे बघतच राहिली; पुन्हा त्या बाईपाशी गेली, पुन्हा पंजे ठेवले, पुन्हा वळून पाहिलं. बघ ना, हीच तर आहे. चष्मेवालीने पट्टा धरून तिला ओढलं. सहा वर्षांत पहिल्यांदा.

"ऐका," ती बाईला घाईघाईने म्हणाली. "मोठ्या ठाण्यात एक बाई अधिकारी आहेत. त्या इथल्या कुणाच्या मित्र नाहीत. दुपारपर्यंत त्यांना घेऊन येते. तोवर इथून हलू नका."

बाहेर येताच औषधवाल्याने विचारलं, "भुंकली ना?"

"उंदरावर भुंकली. माग सुटला. वाफेत काही कळत नाही तिला."

"पण चुकत नाही म्हणाला होतात तुम्ही. आईला सांगत होतात, मी ऐकलं." तो भिंगरीकडे पाहत होता. भिंगरी खिशाला नाक लावून कुंईकुंई करत होती. तो खाली वाकला, तिच्या दुमडलेल्या कानावरून हात फिरवला, अगदी मायेने. "काहीतरी मागतेय ती तुमच्याकडे."

चष्मेवालीने पट्टा आखूड धरला. बोलले ते काका.

"भूक लागलीय तिला. साबणाच्या वासाने कुत्र्याचं नाक बसतं, सगळ्यांना माहीत आहे. आजचा शोध बंद." आयुष्यभर एकही पत्र चुकीच्या दारात न टाकलेले काका पापणी न लवता खोटं बोलले.

"मग मी आत बघून येतो," औषधवाला म्हणाला.

दारात मुकादमीण उभी होती. तिच्यामागे सात-आठ बायका, ओल्या हातांनी. कुणी बाजूला झालं नाही. औषधवाल्याने एकेकीचा चेहरा पाहून घेतला, लक्षात ठेवावा तसा. मग "बरं," म्हणाला आणि रुमालाने हात पुसत निघून गेला.

दुपारी मोठ्या ठाण्यातल्या बाई आल्या, साध्या कपड्यांत. त्यांनी जबाब लिहून घेतला, बोटांचे फोटो काढले आणि चादरींच्या गाडीतून तिला नेलं. तीन दिवसांनी औषधवाल्याला कळवण्यात आलं: बायको सुखरूप आहे, सज्ञान आहे, पत्ता कळवायची तिची इच्छा नाही. गुन्हा नोंदला गेला. तो जामिनावर सुटला आणि पुन्हा गोळ्या समजावून देऊ लागला. मधल्या काळात त्याची आई मुलीकडे राहायला गेली ती परत आली नाही.

भिंगरी आठवडाभर नीट जेवली नाही. चष्मेवाली मैदानात लपून बसे, स्वतःला शोधायला लावी, मोज्याचा गोळा चारचारदा देई. भिंगरी गोळा घेई आणि खाली ठेवून देई.

पाचव्या रविवारी पथक मैदानात जमलेलं असताना औषधवाला आला. काखेत पिल्लू होतं, तीनेक महिन्यांचं, लांब कानांचं, मोठ्या पंजांचं.

"काका, मलाही पथकात यायचंय," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "तुम्ही माझ्यासाठी एवढं केलंत. आता मीही चार लोकांच्या उपयोगी पडावं म्हणतो. जात चांगली आहे. नाक तर असं, की विचारू नका."

पिल्लू खाली उतरून सगळ्यांचे पाय हुंगत फिरलं.

"जागा नाही," काका म्हणाले.

"कुत्र्याला शिकवायला जागा कशाला लागते?"

"आम्ही शिकवणार नाही."

तो रागावला नाही. पिल्लाला उचलून त्याने त्याच्या छातीवरची धूळ झटकली. "हरकत नाही. दुसरीकडे शिकवतात. मी चौकशी केलीय." आणि चष्मेवालीकडे वळून, "उशीचा अभ्रा तुम्ही परत केलात ते बरं केलंत, ताई. मी धुतला नाहीये अजून."

त्याची पाठ वळताच तिने मोठ्या ठाण्यातल्या बाईंना फोन लावला. बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, लिहून घेतलं. "ती आता तुमच्या गावात नाही," त्या म्हणाल्या. "आज रात्रीच्या आत आणखी लांब हलवते." कुठे, ते त्यांनी सांगितलं नाही आणि चष्मेवालीने विचारलं नाही.

त्यानंतर तो रोज सकाळी तिच्या दुकानावरून जाऊ लागला. ती काच घासता घासता मान वर करी. पुढे पिल्लू, मागे लांब दोर, दोराच्या टोकाला तो. पहिल्या आठवड्यात पिल्लू फुलपाखरांमागे धावत होतं. दुसऱ्या आठवड्यात खांबाखांबाशी थांबत होतं. महिन्याभरात त्याने नाक जमिनीला लावलं, आणि मग ते वर उचललंच नाही.