आठवा खड्डा

सुभेदार हंबीरराव पलटणीतून सुटून म्हसवडजवळच्या आपल्या वाडीत कायमचे राहायला आले, ते साल त्र्याहत्तर. एस.टी.तून उतरल्यावर त्यांनी सवयीनं वर पाहिलं आणि गावामागची टेकडी त्यांना ओळखूच येईना. लहानपणी जिच्यात शिरलेली म्हैस दोन-दोन दिवस सापडत नसे, तिथं आता सशाला लपायला झुडूप नव्हतं. दुष्काळात पाला गुरांच्या पोटात गेला आणि खोडं चुलीत. बोल तरी कुणाला लावणार? दावणीचं जनावर उपाशी डोळ्यांनी बघत असताना झाड राखणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे.

सुभेदारांनी टेकडीचं मनावर घेतलं. आमच्याकडे सोमवारी औत धरत नाहीत, बैलांना सुट्टी असते. त्या दिवशी माणसंही पारावर निवांत पडत. सुभेदारांनी दीड-दोन वर्षं वाडीला नुसतं पिडलं, तेव्हा कुठं दर सोमवारी घरटी एक माणूस कुदळ-पाटी घेऊन टेकडीवर जायला लागला. खड्डे दोरी लावून, रांगेत, दोन हात खोल. एखादा वाकडा गेला की तो बुजवून पुन्हा काढायचा. "झाडं लावून झाल्यावर त्यास्नी सलामी द्याया लावनार बघा ह्ये," असं शेजारचा गुंडा म्हणायचा, आणि हसत हसत पुढचा घाव घालायचा.

सगळ्यांच्या आधी वर पोचायची ती मनुबाई. सुभेदारांच्या भावकीतली, नात्यानं वहिनी. नवरा तरणाताठा असतानाच वारलेला. एकुलता एक अर्जुना एकाहत्तरच्या लढाईवरून परत आला नव्हता. मेल्याची तार मात्र आली नव्हती. तारेत होतं 'बेपत्ता', आणि त्या एका शब्दावर मनुबाई चार वर्षं जगत होती. टेकडीवरून म्हसवडची सडक दिसायची. भाकरी सोडायची वेळ झाली की बायका सावली शोधत आणि मनुबाई उन्हात सडकेकडे तोंड करून बसे. फाट्यावर एस.टी. थांबली की तिचा घास हातातच राहायचा.

सुभेदार ते बघत आणि मान फिरवत. साताऱ्याच्या भरतीला अर्जुनाला त्यांनीच नेलं होतं. "वैनी, पोराला माणूस करून आनतो," असं त्यांनीच तिच्या दारात उभं राहून सांगितलं होतं. तार आल्यापासून त्यांचं पाऊल त्या दाराकडे वळलं नव्हतं.

पंचाहत्तरच्या आषाढात रोपं लावायचा दिवस आला. अगदी माथ्यावरची रांग वाडीच्या जवानांची. महायुद्धापासून सात जण कामी आले होते. एकेकाचं नाव वाचायचं आणि त्याच्या घरच्या बाईनं झाड लावायचं. बौद्धवाड्यातल्या बनाबाईनं दिराचं झाड लावलं, तेव्हा भल्याभल्यांचे डोळे भरून आले. असं सातव्या खड्ड्यापर्यंत झालं.

सुभेदारांनी मात्र आठ खड्डे काढून घेतले होते. चार वर्षांनी कुणी परत येत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मनुबाईला विचारायला हवं, हे मनात आलं होतं. पण विचारायचं तर त्या दारात जावं लागणार होतं. त्यांनी न विचारताच यादीत नाव घातलं. रोपही स्वतः निवडलं. फाल्गुनात टेकडीचा माथा पेटल्यासारखा दिसावा म्हणून पळसाचं.

"आठवा, अर्जुना," असं म्हणून त्यांनी ते तीन पानांचं रोप मनुबाईच्या हातात ठेवलं.

आमच्याकडे माणूस गेला आणि त्याची माती सापडली नाही, तर पळसाच्या पानांचा पुतळा करतात आणि त्याला अग्नी देतात. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. तीस वर्षं बरॅकीत काढलेल्या सुभेदारांच्या मात्र ते ध्यानातून साफ गेलं होतं.

मनुबाईनं पानांवरून अंगठा फिरवला. "भावजी," ती हळूच म्हणाली, "माज्या लेकराचा पुतळा कराया लागलायसा व्हय?"

तिनं रोप खड्ड्याच्या काठावर जपून ठेवलं आणि ती टेकडी उतरायला लागली. तिच्यामागून एकेक करत सगळ्या बायका उतरल्या.

पुढच्या सोमवारी एकही बाई आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. श्रावण कोरडा चालला होता आणि विहिरीपासून माथ्यापर्यंत घागरी नेणाऱ्या त्याच होत्या. गडी चार खेपा करून दमले आणि खाली बसले. रोपांची पानं वळायला लागली. सुभेदार एकटे दोन्ही हातांत दोन घागरी घेऊन चढले, उतरले, पुन्हा चढले. तिसऱ्या सोमवारी अर्ध्यावर त्यांचा पाय घसरला आणि पाणी मुरमात सांडून गेलं. तसेच ओल्या धोतरानं ते मनुबाईच्या दारात जाऊन उभे राहिले.

"वैनी, चुकलं माजं. पळसाचं ध्यानात आलं न्हाई."

मनुबाई जोंधळा पाखडत होती. "पळसाचं ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "नाव कसं वाचलं?"

मनुबाईनं सूप खाली ठेवलं.

"तुमी फौजेतलं. तुमास्नी तिथलं कळतं. आजपातूर कुनी मला खरं सांगितलं न्हाई. तुमी सांगा, भावजी. हाय का माजा अर्जुना?"

चार वर्षं वाडी तिला उत्तरं देत होती. तोंडावर 'येईल' म्हणत होती आणि पाठीमागं 'संपला'. सुभेदारांनी तर आपलं उत्तर यादीत लिहून मोकळं केलं होतं. पण त्या बाईच्या डोळ्यांत बघताना त्यांना कळलं, की त्यांना अर्जुनाचं काहीच ठाऊक नाही. मेलेल्या जवानाला सलाम करून घरी जाता येतं. बेपत्ता पोरगा रोज सकाळी विचारतो, मला कशाला नेलंत? त्यांना त्या प्रश्नातून सुटायचं होतं, म्हणून त्यांनी पोराला मारून टाकलं होतं. त्यांची त्यांनाच लाज वाटली.

"मला ठावं न्हाई, वैनी," ते म्हणाले. "मीच न्हेला त्याला. आन मला ठावं न्हाई." एवढं बोलून ते तिच्या उंबऱ्यावर बसले आणि लहान पोरासारखे रडले.

मनुबाईनं आतून तांब्या आणला, त्यांच्या पुढ्यात ठेवला.

"ठावं न्हाई, तर खड्डा तसाच ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली.

पुढच्या सोमवारी ती घागर घेऊन आली आणि तिच्यामागून साऱ्या बायका. सातही रोपांना तिनं पाणी घातलं. मग आठव्या खड्ड्यात उतरली आणि आत ओघळलेला मुरूम ओंजळीनं बाहेर काढला. सुभेदारांनी पळसाचं रोप पायथ्याच्या रांगेत, कुणाचंही नाव न घेता लावलं. पुढं दरसाल पावसानं तो खड्डा अर्धा भरायचा आणि मनुबाई तो उपसायची. तिला कुणी का म्हणून विचारलं नाही.

एकोणऐंशीच्या भादव्यात मनुबाई गेली. दोन महिने अंथरुणाला खिळून होती. तिचे दिवस झाल्यावरच्या सोमवारी वाडी टेकडीवर चढली. सात झाडं डोक्याच्या वर गेली होती. आठवा खड्डा मुरमानं काठोकाठ भरला होता आणि वर गवत उगवलं होतं. गुंडानं जांभळाचं रोप आणलं होतं.

"मनुकाकीच्या नावानं ह्यात लावू," तो म्हणाला. "आता कोन वाट बघनार हाय?"

सगळ्यांना ते पटलं. सुभेदारांनी गुंडाच्या हातातलं रोप घेतलं, खड्ड्यापासून चार पावलं मोजली आणि काठीनं खूण केली.

"काकीचं झाड हितं. नवा खड्डा काढा."

"आन ह्यो?"

सुभेदार गुडघ्यावर हात टेकत जुन्या खड्ड्यापाशी बसले आणि गवत उपटायला लागले. "तारेत अजून बेपत्ताच हाय, गुंडा," ते म्हणाले. "पाटी धर."

गुंडानं पाटी धरली. खड्डा कमरेइतका मोकळा व्हायला दुपार झाली. फाट्यावर एस.टी. थांबली, तेव्हा सुभेदार खड्ड्यातच कमरेवर हात देऊन सरळ झाले आणि उतरणारा शेवटचा माणूस सडकेला लागेपर्यंत बघत राहिले.