सलाईनचं चाक

रामाकोन्याचं अर्धं गाव देवकाबाई दाईच्या हातावर जन्माला आलं. आता पोरी गाडीत बसून दवाखान्यात येत आणि धीराला तिला सोबत आणत. इथं तिला नुसता हात धरून बसायची मुभा होती, तीही रजनी सिस्टरच्या मर्जीनं. म्हातारी ती मुभा जिवापाड जपायची.

आज जयश्री होती, पहिलटकरीण. कळा मंदावल्या म्हणून सिस्टरनं सलाईनमधून कळांचं औषध थेंबथेंब सुरू केलं आणि ती शेजारच्या खोलीत गेली.

सासू नलिनी घाबरून आत डोकावली. देवकाबाई सवयीनं बोलून गेली, "बाई अडली का काही बंद नाही ठेवा लागत. पेट्या, कुलपं, गाठी, सारं मोकळं कर." नलिनीनं घरी फोन लावला, सुनेची वेणी सोडली, खाटेभोवती जरा घुटमळली आणि बाहेर गेली.

थोड्याच वेळात जयश्रीला कळ आली ती ओसरेचना. देवकाबाईनं पोटावर हात ठेवला. पोट दगडासारखं घट्ट! तिनं वर पाहिलं. थेंब कुठले, धार लागली होती. नळीवरचं चाक पुरतं मोकळं केलेलं होतं.

'सारं मोकळं कर' हे आपलं बोलणं नलिनीनं चाकालाही लावलं, हे तिच्या ध्यानात आलं. चाक गुपचूप फिरवलं तर कोणाला कळणार होतं? सांगितलं तर पुन्हा या दारात कोणी उभं करणार नाही. पण आतलं लेकरू चेंगरत होतं. तिनं चाक बंद केलं आणि ओरडली, "सिस्टर! धावा! पोट सैल होऊन नाही राहिलं!"

रजनीनं जयश्रीला कुशीवर वळवलं, पोटाला यंत्र लावलं. बाळाचे ठोके अडखळत येत होते.

"चाकाला हात कोणी लावला?"

दारात नलिनी रडू लागली. देवकाबाई म्हणाली, "माह्याच सांगण्यावरून झालं, बाई."

"दोघीही बाहेर व्हा!"

"माय, नको जाऊ वं," जयश्री म्हणाली. तिची बोटं देवकाबाईला एकेक करून सोडवावी लागली.

बाहेर दोघी भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. बऱ्याच वेळानं आतून बारीक रडणं आलं. नलिनीनं हात जोडले. देवकाबाई मात्र कान देऊन उभीच होती. लेकरू रडत होतं, पण जयश्रीचा आवाज येत नव्हता. दाराला आतून कडी होती आणि ती उघडा म्हणायची म्हातारीची छाती झाली नाही.